मोझरीपासून समुद्रापर्यंत

अमरावतीहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ३५ किलोमीटरांवर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम वसविला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. तेव्हापासून दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास येथे असंख्य माणसे लोटतात. हा पुण्यतिथीचा सोहळा आटोपला आणि दिवाळीची सुट्टी दृष्टिपथात आली की, वऱ्हाडातील घराघरांतून एक निराळीच खलबते सुरू होतात. ‘यंदा मोटारीने समुद्रावर जावयाचे’ हा त्या खलबतांचा विषय होय. मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, आजीला गणपतीपुळ्याचे दर्शन घ्यावयाचे असते आणि घरातील कर्त्या पुरुषाला नवीन मोटार लांबवर नेऊन पाहावयाची असते.

मग नकाशा उघडला जातो. मोझरी राज्याच्या पूर्व भागात, रत्नागिरी पश्चिमेच्या टोकाला. अकोला, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कऱ्हाड, चिपळूण अशा मार्गाने हे अंतर हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. लगोलग कोणीतरी हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटर धरले तरी सोळा-सतरा तास. दोघांनी आळीपाळीने चालविली तर पहाटे निघून मध्यरात्रीपर्यंत समुद्र गाठता येईल! ह्या हिशेबातील गणित बरोबर असते. चुकतो तो भूगोल. ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरांच्या ह्या राज्यात सर्व किलोमीटर सारख्या लांबीचे नाहीत. मूर्तिजापुराजवळचे दहा किलोमीटर आणि कुंभार्ली घाटातील दहा किलोमीटर ह्यांना एकच माप लावणारा मनुष्य आपल्या कुटुंबाचा जीव आकड्यांच्या हवाली करीत असतो. म्हणून प्रवासाची आखणी करताना प्रथम भूमीचा विचार करावा, त्यावरून मुक्काम ठरवावे आणि किलोमीटर सर्वांत शेवटी मोजावेत.

प्रथम ऋतूचा प्रश्न. शाळांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते, त्यामुळे पुष्कळ कुटुंबे मे महिन्यातच निघतात. परंतु मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. तापलेल्या सडकेवर भरधाव धावणाऱ्या चाकांतील हवा प्रसरण पावते आणि झिजलेले टायर अशा वेळी दगा देतात. वाहनातील थंड हवेत बसलेल्या वृद्धांना व लहान मुलांना बाहेर पडताक्षणी जो धक्का बसतो तो निराळाच. पावसाळा वऱ्हाडात सुसह्य खरा. पण मार्गाचे दुसरे टोक कोकणात आहे ह्याचा विसर पडू नये. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह गडप झाल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. घाटांतून दरडी कोसळण्याचे प्रकार तर दर पावसाळ्यात घडतात. तेव्हा कार्तिकापासून माघापर्यंतचे महिने हेच ह्या प्रवासाला योग्य होत. त्यांतही एक अडचण आहे, तिचा उल्लेख पुढे येईल.

मोझरीहून निघावयाचे ते सकाळी. आश्रमातील सकाळचे सामुदायिक ध्यान आटोपून निघालेला प्रवासी दोन-अडीच तासांत अकोल्याच्या जवळ येतो. हा सर्व पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश. जुन्या कागदपत्रांतून ह्याला पायनघाट, म्हणजे घाटाखालचा मुलूख, असे नाव आहे. उत्तरेस गाविलगडचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मध्ये काळ्या मातीचा हा खोलगट पट्टा. ही माती मोठी विलक्षण आहे. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या पाठीवर अंथरलेला रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. वऱ्हाडातील जुन्या डांबरी सडकांवर लाटा उठल्यासारख्या दिसतात त्याचे हे एक मोठे कारण होय. प्रत्येक खळग्याचा दोष ठेकेदाराच्या माथी मारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. (काही खळग्यांचा दोष मात्र खुशाल मारावा.) अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यात आला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अर्थात्, विक्रम घालण्याच्या वेगाचा होता. त्यावरून गाडी हाकण्याचा विक्रम करण्याची आवश्यकता नाही.

ह्याच पट्ट्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या दोन्ही काठांना, खारपाणपट्टा पसरलेला आहे. नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर, त्यांत साठलेले क्षार आणि पाण्याचा निचरा होऊ न देणारी चिकणमाती ह्यांच्या संयोगाने येथील भूजल खारट झाले आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांनी पिढ्यान्‌पिढ्या हे मचूळ पाणी सोसले. प्रवाशाला ह्यातून एवढाच बोध घ्यावयाचा की, पिण्याचे पाणी घरूनच भरपूर घ्यावे आणि आडवाटेच्या विहिरीवर विसंबू नये.

अकोल्यापुढे बाळापूर लागते. मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या संगमाजवळचा तेथील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री पाहण्यास अर्धा तास पुरतो. दुपारचे भोजन शेगावी घ्यावे. श्रीगजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी येथे समाधी घेतली. त्यांच्या संस्थानातील स्वच्छता, शिस्त आणि सेवकांचे सौजन्य ही अनेक सरकारी कचेऱ्यांनी जाऊन पाहून यावी अशी आहेत. ज्यांच्या घरून निघावयास उशीर झाला असेल त्यांनी पहिला मुक्काम येथेच करावा आणि त्याबद्दल खंत बाळगू नये.

खामगाव सोडून बुलढाण्याची वाट धरली की भूमी पालटते. अकोला समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांच्या आत, तर बुलढाणा ६०० मीटरांहून उंच. पायनघाट संपून बालाघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख, सुरू होतो तो बोथ्याच्या घाटात. हा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. ह्या अरण्याशी एका प्रवासाची हकीकत निगडित आहे, आणि ती ह्या विषयाला सोडून नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये स्वतःसाठी मुलूख शोधण्यास बाहेर पडला. त्याच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा असल्यामुळे त्याची वाट वनाधिकाऱ्यांना कळत होती. महाराष्ट्र व तेलंगण ह्यांच्या सरहद्दी ओलांडीत, शेते, ओढे आणि सडका पार करीत, तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून तो वर्षअखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. दिवसा दडून राहावयाचे, पाण्याच्या आश्रयाने सरकावयाचे आणि दमल्यावर थांबावयाचे हा त्याचा क्रम. त्याला कोठे किती वाजता पोहोचावयाचे हे ठरलेले नव्हते, हे त्याचे भाग्य. पण विसाव्याची जागा पाहून पुढील मजल मारण्याचे त्याचे शहाणपण मोटार बाळगणाऱ्या पुष्कळांना साधत नाही. रात्रीचा प्रवास मात्र वाघालाच शोभतो.

ह्या ठिकाणी समृद्धी महामार्गाचा विचार करणे प्राप्त आहे. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे असा ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जाऊन ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. मोझरीच्या लोकांना तो धामणगाव रेल्वेजवळ गाठता येतो. तो सरळ आहे, रुंद आहे, त्यावर ना बैलगाडी ना आडवा येणारा चौक. सपाटीवर ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. एखाद्या आजारी माणसाला किंवा तातडीच्या कामाला ह्याहून उपकारक रस्ता नाही. परंतु त्याच्या सरळपणातच एक धोका दडलेला आहे. वळण नाही, गाव नाही, झाड नाही. डोळ्यांना तासन्‌तास तेच ते दिसत राहिले की मेंदूला गुंगी चढते. डोळे उघडे असतात आणि पाहणारा निजलेला असतो. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्यास निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळून गेली. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. घटका कोणती होती हे मात्र वादातीत आहे. मध्यरात्र ते पहाट ह्या वेळात शरीर निद्रेचाच हक्क सांगते. चहाने तो हक्क बुडविता येत नाही. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबून गाडीतून खाली उतरणे आणि रात्री नऊनंतर चाक न फिरविणे, हे दोन नियम कुटुंबात आधीच सर्वांसमक्ष ठरवून घ्यावेत. सर्वांसमक्ष अशासाठी की, वाहन चालविणारा स्वतः दमलो असे सहसा कबूल करीत नाही. ते त्याच्या पत्नीने वा आईने सांगावे लागते आणि तसे सांगण्याचा अधिकार तिला निघण्यापूर्वीच मिळालेला असावा.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून अजिंठा. अंतर सुमारे ५० किलोमीटर. येथे एक लहानशी गोष्ट न पाहिल्यामुळे कित्येक कुटुंबे दारातून परत फिरतात: अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. तेव्हा मोझरीहून निघण्याचा वार ह्यावरून मागे मोजून ठरवावा. लेण्यांच्या सौंदर्याविषयी येथे विस्तार नको; पण ती ज्या खडकात कोरली आहेत तो खडक प्रवासभर सोबत राहतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे भूमीला भेगा पडून लाव्ह्याचे पूर एकामागून एक वाहिले व थिजले. त्या थरांचा हा काळा पाषाण. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, त्यामुळे आपल्या डोंगरांना पायऱ्या पडलेल्या दिसतात. त्याच पाषाणाची झीज होऊन वऱ्हाडची काळी माती झाली. ज्या कपाशीच्या शेतावरून आदल्या दिवशी गाडी गेली, त्याचे मूळ मुलांना अजिंठ्याच्या भिंतीत दाखविता येते. ज्यांना दगडांची अधिक आवड असेल त्यांनी बुलढाण्याऐवजी मेहकरावरून लोणार गाठावे. ह्याच काळ्या पाषाणात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते सरोवर पाहून सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी जाता येते आणि पुढे जालन्यावरून छत्रपती संभाजीनगर. दोन्ही वाटा एकाच प्रवासात साधण्याचा हव्यास धरू नये.

छत्रपती संभाजीनगरास दोन रात्री काढल्या तर उत्तम. तेथून पुण्याचा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरांचा टप्पा म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश. प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीवर चढताना थंड होऊन आपला भार तेथेच टाकतात आणि पलीकडे उतरतात ते कोरडे होऊन. म्हणून येथे पाऊस वऱ्हाडापेक्षाही कमी. तरीही मध्येच उसाचे हिरवेगार मळे दिसतात, ते धरणांच्या व कालव्यांच्या बळावर. हिवाळ्यातील ज्या अडचणीचा वर उल्लेख केला ती हीच. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या सडकेवर येतात. त्यांतील कित्येकांच्या मागे दिवा नसतो, साधे चकाकणारे फडकेसुद्धा नसते. दिवसा त्या नेत्रांना सुखवितात. रात्री अंधारात त्या अकस्मात् समोर उभ्या ठाकतात. सातारा जिल्ह्यातही हाच प्रकार. वऱ्हाडात ह्याच महिन्यांत कापसाच्या गाड्यांविषयी तीच सावधगिरी बाळगावी.

पुणे शहर हा स्वतंत्र टप्पाच समजावा. सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते नऊ ह्या वेळांत ते ओलांडू पाहणाऱ्याने घड्याळाकडे पाहू नये. दुपारी शहर ओलांडून, खंबाटकी घाटातून साताऱ्यावरून कऱ्हाडास मुक्काम करावा. कृष्णा आणि कोयना तेथे समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसणे हा दिवसाच्या श्रमाचा उत्तम परिहार होय.

कऱ्हाडला मुक्काम सांगण्याचे खरे कारण दुसऱ्या दिवशीच्या घाटात आहे. कऱ्हाडला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस साठ किलोमीटरही नसलेल्या कोयनानगरला तो पाच हजारांच्या घरात जातो. एका सकाळच्या प्रवासात एवढे अंतर पडते. ज्वारीचे शेत सरते, भाताची खाचरे येतात, बाभळीच्या जागी घनदाट रान दिसू लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने ज्या कोयनेचे नाव जगभर गेले ती नदी येथेच अडविलेली आहे. पूर्वेकडे वाहणारे तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवून सह्याद्रीच्या कड्याखाली सोडतात व त्या उताराच्या जोरावर वीज निर्माण करतात. पाणी बोगद्यातून जेथे उतरते त्याच पोफळीच्या बाजूला प्रवासी कुंभार्ली घाटाने उतरतो.

घाट उतरण्याचा जुना नियम असा की, ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेकवर सतत पाय ठेवल्याने त्याच्या गाद्या तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. इंजिनाचा रोध मात्र तापून निकामी होत नाही. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. वऱ्हाडात वाहन चालवून हात बसलेल्या माणसाला वळणापलीकडे काहीतरी येत असेल ही कल्पनाच सवयीची नसते, म्हणून प्रत्येक वळणावर भोंगा वाजवावा. मुलांना गाडी लागते, तिचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते आणि पुस्तकात किंवा हातातील यंत्रात गढलेला डोळा ‘आपण स्थिर आहोत’ अशी साक्ष देतो. ह्या विसंगतीने पोटात ढवळते. मुलांना दूरच्या डोंगराकडे पाहावयास सांगावे, घाटापूर्वी हलका फराळ द्यावा आणि तळलेले पदार्थ चिपळूणनंतरच सोडावेत.

चिपळुणात उतरल्यावर पुष्कळांना वाटते की आता समुद्र आलाच. चिपळूण ते रत्नागिरी हे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास आहे; वऱ्हाडात ते दीड तासाचे, येथे त्याला अडीच-तीन तास सहज लागतात. तांबड्या जांभ्या दगडाचा हा प्रदेश चढउतारांचा, खाड्यांचा. शिवाय मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळलेले, त्यामुळे वळणरस्त्यांची भर. सूर्य मात्र प्रवाशाला थोडी सवलत देतो. मोझरी आणि रत्नागिरी ह्यांच्या रेखांशांत पावणेपाच अंशांच्या जवळपास फरक आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. घड्याळ दोन्हीकडे एकच असल्यामुळे समुद्रावर सूर्य वऱ्हाडापेक्षा सुमारे १९ मिनिटे उशिरा मावळतो. हिवाळ्यात अक्षांशाच्या फरकाने त्यात आणखी थोडी भर पडते. कऱ्हाडहून सकाळी सातला निघालेले कुटुंब दुपारचे जेवण चिपळुणात घेऊन सूर्यास्तापूर्वी वाळूवर पोहोचते. भरती-ओहोटीची वेळ गावातील माणसाला विचारल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. पोहण्यात तरबेज असलेल्या वऱ्हाडी तरुणाने तर मुळीच नाही. विहिरीचे आणि तलावाचे पाणी माणसाला आत ओढून नेत नाही, समुद्राचे नेते.

ह्याप्रमाणे जाण्यास पाच ते सहा दिवस लागतात. परतीच्या वाटेला आंबा घाटाने कोल्हापूर गाठावे. तेथून रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड असा यवतमाळकडे येतो, म्हणजे तोच रस्ता पुन्हा पाहावा लागत नाही आणि तुळजाभवानीचे दर्शनही घडते. कोल्हापूर, तुळजापूर आणि नांदेड असे तीन मुक्काम त्यासाठी पुरेत. यवतमाळहून धामणगावावरून मोझरीस येता येते. ह्या अखेरच्या टप्प्यात नांदेडहून उशिरा निघून अंधारात घर गाठण्याचा मोह होतो; पण तो कापसाच्या गाड्यांचा रस्ता आहे आणि दिवाळीनंतर तेथे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो. तेव्हा नांदेड सकाळी सहाला सोडावे.